मी कुठी मेलो होतो?

"मी कुठी मेलो होतो, तिथी ने."

वडशाच्या रेल्वे फाटकाजवळ दामिनीचं टायपिंग सेंटर होतं. रोज सकाळी गुणवंतराव तिथं येत, खुर्चीवरची धूळ रुमालानं झटकत आणि बसता बसता एवढीच मागणी करत. पहिल्यांदा हे ऐकून झेरॉक्सला आलेला एक म्हातारा घाबरून निघून गेला. त्याचा सातबारा मशीनवर तसाच राहिला. पुढं लोकांना सवय झाली.

दामिनी दोन कळा एकदम दाबायची. शिफ्ट आणि एफ-पाच. नव्वद पानांची फाईल जराशी थरथरायची, पानं भराभर सरकायची आणि पडद्यावर तिसऱ्या अंकाचा शेवट यायचा. काळी उभी काडी लुकलुकत असायची ती नेमकी त्या ओळीपाशी, जिथं गुणवंतराव काल मेले होते. किंवा मरता मरता वाचले होते. ते ज्या त्या दिवसावर होतं.

गुणवंतराव म्हणजे 'वैनतीर नाट्य रंगभूमी'चे मालक, आणि मालक असल्यामुळं नायक. दिवाळी सरली, धान कापून बांध्या मोकळ्या झाल्या, की झाडीपट्टीत गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते. दिवसा शंकरपटात बैल धावतात आणि रात्री नाटकात माणसं रडतात. रडण्याचा सगळा माल वडशातून जातो. या गावात नाटक कंपन्यांच्या पाट्या एवढ्या की पानटपरीला जागा मिळत नाही. गुणवंतरावांचं वय चोपन्न. पण दर हंगामात ते पहिल्या प्रवेशात धावत येत आणि ओरडत, "आई, मी कॉलेजात पहिला आलो!" पोट पट्ट्याच्या आत, पट्टा श्वासाच्या ताब्यात. ज्या आईच्या पाया पडायचे ती प्रेमिला त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी लहान होती. वाकले की उठवायला तिलाच हात द्यावा लागे. प्रेक्षकांना वाटायचं, मायेनं उचलून राह्यली.

दोन हजार सहाच्या दिवाळीत गुणवंतरावांच्या डोक्यात दोन गोष्टी एकदम शिरल्या. एक, जिल्हा परिषदेला उभं राहायचं. दुसरी, नाटक कॉम्प्युटरवर लिहायचं. पोस्टर तर नाटकाच्या आधीच छापून झालं होतं. वर गुणवंतराव बंदूक घेऊन, खाली गुणवंतराव हात जोडून, आणि मधे लाल अक्षरांत: 'संगणकावर लिहिलेलं तीन अंकी महानाट्य: आई, गोळी मलाच लागू दे!'

घोळ झाला तो इथं. नावात गोळी होती आणि पोस्टर भिंतींवर होतं. गोळी लागणं भाग होतं.

लेखक डोमा मास्तर. गोड माणूस. कोणी काही म्हटलं की "हो जी" म्हणायचा आणि तसं लिहायचा. दोघांनी दोन सांगितलं तर दोन्ही लिहायचा. वीस नाटकं लिहून झाली होती आणि त्यांतलं एकही त्याला नीट आठवत नव्हतं. या खेपेला मात्र त्याच्या हातून एक प्रवेश चांगला उतरला. तो त्याचा नव्हताच, म्हणून असेल. मागच्या हंगामात कंपनीच्या गाडीत, सगळे पेंगत असताना, खिडकीशी बसलेली प्रेमिला एक पाळणा गुणगुणत होती. मास्तरनं तो कान देऊन ऐकला आणि या नाटकात टाकला. नायक गोळी लागून मरतो. आई छाती पिटत नाही, केस सोडत नाही. त्याचं डोकं मांडीवर घेते आणि त्याला तान्हं बाळ समजून पाळणा म्हणते.

पहिल्या दिसी बाळा, माय निजली भुईले,
दिवा म्हने वाऱ्याले, हळू ये गा घराले.
जो बाळा, जो जो रे जो.

पाचव्या दिसी बाळा, सटवी आली दाराशी,
टाक तिचा मोडला तुह्या कपाळापाशी.
जो बाळा, जो जो रे जो.

सतरा हंगाम प्रेमिला रंगमंचावर येत होती. चहाचा ट्रे घेऊन येई, "बाळा, जेवला नाहीस" म्हणे आणि जाई. गाणं नाही, टाळी नाही. आता गुडघे बोलायला लागले होते आणि कंपनीत रंजीता नावाची नवी मुलगी आली होती, तिला चहाचा ट्रेही चांगला शोभत होता. पुढच्या वर्षी आपल्याला बोलावणं येणार नाही हे प्रेमिलाला कळत होतं. जायच्या आधी हा एक पाळणा लोकांपुढं म्हणायचा, एवढंच तिला हवं होतं. त्यासाठी गुणवंतराव मरायला हवे होते.

आणि गुणवंतराव मरत नव्हते.

"मास्तर, गोळी छातीत काऊन मारता? हाताले लागू द्या."

"हाताले लागून कोनी मरते का जी, भाऊ?"

"मंग नाई मरत!"

"पन भाऊ, लोकं रडतील कायले?"

"आन मतं देतील कोनाले? बाया नाटक पाहून घरी जातीन. डोळ्यानं पाह्यलं, गुणवंतभाऊ मेला. सकाळी आपला मानूस सांगाले गेला, कपबशीच्या निशानीचं बटन दाबा. त्या म्हनतीन, काय गा, तो तं रात्रीच गेला ना!"

डोमा मास्तर म्हणाला, "हो जी."

मग रोज नवा अवतार सुरू झाला. सोमवारी गोळी ताविजाला लागून परत फिरली आणि मारणाऱ्यालाच लागली. मंगळवारी डोमा मास्तर चाचरत म्हणाला की लोक रडले नाहीत तर पुढचं गाव बुकिंग करत नाही, म्हणून गुणवंतराव मेले. बुधवारी त्यांना रात्रभर झोप लागली नाही, म्हणून जिवंत झाले. गुरुवारी मेले ते मेलेच, पण त्यांचा जुळा भाऊ पुण्याहून निघाला. तो भाऊही गुणवंतरावच. शुक्रवारी जुळ्याला गोळी लागली. दरवेळी दामिनी पाळणा कापून फाईलच्या तळाशी नेऊन ठेवी आणि मरण आलं की परत वर आणी. गाणं बिचारं चाळीत राहणाऱ्या भाडेकऱ्यासारखं सामान बांधूनच बसलेलं.

तालीम राईस मिलच्या गोदामात चाले. प्रॉम्प्टर वारलू पानं घेऊन आला की सगळी कंपनी त्याच्या तोंडाकडं बघे. झाडीपट्टीत प्रॉम्प्टर म्हणजे नाटकाचा श्वास. नट चेहरा करतात, वाक्य पडद्यामागून वारलू देतो.

"आज मेले का भाऊ?" प्रेमिला विचारी.

गालातला तंबाखूचा खर्रा एकीकडून दुसरीकडं सरकवून वारलू म्हणे, "आज खुशाल हायेत, बाई. उद्याचं पाहू."

"देव त्याहीले उदंड आयुष्य देवो," प्रेमिला म्हणे आणि कोपऱ्यात जाऊन चहाचा ट्रे पुसत बसे.

वारलूच्या जिभेला हाड नव्हतं आणि त्याच्या चेहऱ्यावर हसू कधी नसे. त्यामुळं तो थट्टा करतो की भविष्य सांगतो हे गुणवंतरावांना आजवर कळलं नव्हतं. एके दिवशी तो पानं न्यायला सेंटरवर आला. भारनियमनाचे दिवस. लाईन गेली, दोन तासांनी आली. दामिनीनं फाईल उघडली, कळा दाबल्या. काडी जाऊन उभी राहिली गुणवंतरावांच्या मरणापाशी.

वारलू वाकून बघत राहिला. "भाऊ, एक ध्यानात आलं का तुमच्या?"

"काय?"

"येवढं मोठं नाटक. लगन हाय, मारामारी हाय, तुमचे चार गाने हायेत. पन हे मशीन उघडलं का सरळ तुमच्या मरनाजवळ जाते. लाईन जावो, येवो. जनावर कसं पान्यावर जाते, तसं."

गुणवंतरावांचा पट्टा सुटल्यासारखा झाला. "काऊन जाते वं, दामिनी?"

"काही नाई भाऊ. जिथी शेवटचा हात..."

"शेवटचा!" वारलू म्हणाला आणि पानं घेऊन निघून गेला.

पुढचं स्पष्टीकरण गुणवंतरावांनी ऐकलंच नाही. दुसऱ्या दिवशी सेंटरच्या उंबरठ्यावर नारळ फुटला. मॉनिटरला लिंबू-मिरच्या बांधल्या. की-बोर्डावर हळद-कुंकू पडलं, आणि दिवसभर दामिनी हेअरपिननं कळांच्या फटी कोरत बसली. एवढं करूनही तिनं फाईल उघडली, कळा दाबल्या, आणि काडी इमानी कुत्र्यासारखी तिथंच जाऊन बसली. कारण आदल्या दिवशी निघता निघता गुणवंतरावांनी तिथंच 'अरेरे'चं 'हाय रे' करून घेतलं होतं.

"बस झालं," गुणवंतराव उठले. "परवा पहिली मंडई. उद्या सकाळी येतो, कायमचा जित्ता होतो. आन तो पाळना काढून टाकजो. मुडदा नाई तं पाळना कायले? तिथी माहं आन रंजीताचं सपनातलं गानं येईन. काश्मीरचं."

डोमा मास्तर म्हणाला, "हो जी."

हे वारलूनं प्रेमिलाला सांगितलं तेव्हा तो खर्रा थुंकून बोलला. एरवी तो बोलण्यासाठी खर्रा थुंकत नसे.

दुपारी प्रेमिला सेंटरवर आली. पायरीवर चपला काढल्या, स्टुलावर बसली. काही मागितलं नाही. दामिनी कोणाच्या तरी लग्नपत्रिकेत 'आमच्या काकाच्या लग्नाला नक्की यायचं हं' टाकत होती. ते झाल्यावर ती वळली.

"काय म्हनता, मावशी?"

"काढला का तो?"

"उद्या म्हनले भाऊ."

"मले एकदा दाखव."

दामिनीनं फाईल उघडली. प्रेमिला पडद्याच्या जवळ सरकली आणि काचेला न लावता बोट फिरवत एकेक ओळ वाचू लागली. छापलेल्या अक्षरात तिनं तो पहिल्यांदाच पाहिला होता. सटवीच्या कडव्यापाशी बोट जरा थांबलं.

"हे मशीन खरंच त्याहीच्या मरनावर जाते का वं?"

"नाई हो मावशी! आपुन जिथी शेवटी काही लिहिलं, खोडलं, तिथी ते परत नेऊन सोडते. म्हनजे काल कुठवर आलो होतो ते धुंडाळावं नाई लागत. त्यात देव नाई, भूत नाई. भाऊच रोज तिथी हात घालतात."

प्रेमिला पदर तोंडाला लावून हसू लागली. "नव्वद पानात त्याहीले दुसरं काही दिसलंच नाई?"

"बाकी पानात ते जित्तेच हायेत ना."

दोघी हसल्या. फाटकावरून मालगाडी गेली, मॉनिटरवरच्या मिरच्या हलल्या. गाडी गेल्यावर दामिनी म्हणाली, "मावशी, पाळना बारा दिसाचा रायते ना? बाराव्या दिसी नाव ठेवतात. हा अकरावरच संपला. मास्तर विसरले का?"

"मास्तर नाई विसरले. मी पुढचं म्हटलंच नाई."

"काऊन?"

"आमच्या घरी अकरावरच संपला होता." प्रेमिलानं पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची रेघ पुसली. "माहा भाऊ. मी सहा-सात वर्साची. बाराव्या दिसाची हळद दळून ठेवली होती, पाळना सुताराकडे. तो आदल्या दिसी गेला. बारशाच्या आधी गेलं तं रडाचं नाई म्हने आमची आजी, नावबी नाई घ्याचं. पुढच्या लेकराले बाधते म्हने. सुतारानं पाळना आनून देल्ला. तो मायनं आढ्याले टांगला आन रिकामाच हालवला. लय हळू म्हनत होती, आजीले ऐकू नाई गेलं पाह्यजे म्हनून. मी खाली निजली होती, म्हनून मले येते."

दामिनी पडद्याकडं वळली. तिनं की-बोर्ड जवळ ओढला. "मंग सांगा. टाकतो."

"उद्या काढनारच हायेत ना."

"काढतीन ते उद्या."

प्रेमिलानं स्टूल जवळ सरकवलं. "हो. एक रात तं राहीन मशीनमधी."

अकराव्या कडव्याच्या खाली दामिनीनं काडी नेली. प्रेमिला गायली नाही, नुसतं सांगत गेली, जसं दुकानात सामान सांगतात.

बाराव्या दिसी बाळा, पाळना हालते रिता,
नाव निजवलं त्यात,

इथं ती थांबली. "पुढं नाव येते. नाटकात त्याहीचं नाव विजय हाय ना? विजय टाक."

विजय माह्या, नीज आता.

"आन खरं?" दामिनीनं विचारलं.

प्रेमिलानं दाराकडं बघितलं. दारात एक बकरी नारळाची करवंटी चाटत होती, बाकी कोणी नव्हतं. तरी ती हळूच म्हणाली, "चैतू. चैतात झाला होता."

दामिनीनं फाईल सेव्ह केली आणि बंद केली.

दुसऱ्या सकाळी गुणवंतराव कपाळाला टिळा लावून आले. मागं डोमा मास्तर काश्मीरचं गाणं घेऊन, त्याच्या मागं वारलू. गुणवंतराव खुर्चीवर बसले, डोळे मिटले. "ने तिथी. शेवटचंच."

दामिनीनं कळा दाबल्या.

गुणवंतरावांनी एक डोळा उघडला, मग दुसरा. पडद्यावर गोळी नव्हती. रक्त नव्हतं. 'हाय रे' नव्हतं. काडी पाळण्याच्या शेवटच्या ओळीपाशी लुकलुकत होती.

"हे कुठी आनलं वं? मी कुठी आहो?"

"तुम्ही वर राह्यले, भाऊ. एक-दोन पानं वर."

"मशीन माह्याकडे नाई गेली?"

"नाई गेली."

वारलूनं मान पुढं काढून बाराव्या दिवसाचं कडवं वाचलं. हे काल नव्हतं हे त्याला कळलं. मग दामिनीकडं पाहिलं. ती मिरच्यांकडं बघत होती. वारलूनं खर्रा गालात नीट बसवला आणि गंभीर आवाजात म्हणाला, "भाऊ, मरन हटलं."

"आं?"

"नारळ पावला. इतले दिवस मशीन मरनावर जात होती, आज पाळन्यावर गेली. नाव ठेवून राह्यली तुमचं. नवा जलम हाय हा. निवडनुकीच्या तोंडावर आनखी काय पाह्यजे?"

गुणवंतरावांनी हात जोडले, कुणाला ते त्यांनाही माहीत नव्हतं. डोमा मास्तरनं काश्मीरचा कागद पुढं केला. "मंग हे टाकू का जी?"

"खबरदार!" गुणवंतराव ओरडले. "त्या फाईलले आता कोनी हात लावाचा नाई. लावला का ते परत मरनावर जाईन."

"पन भाऊ, उद्या रात्री खेळ हाय. मंग तुम्ही मरता ना जी?"

"मरतो! बिनधास्त मरतो. नाटकातल्या मरनाले काय भेतो काय मी?"

वैनगंगेच्या काठच्या एका गावात मंडईच्या रात्री गुणवंतराव छातीत गोळी घेऊन मेले. मरायला त्यांनी चांगला पाव तास घेतला, त्यात मतदारांना दोनदा नमस्कारही केला. मग प्रेमिला आली. ट्रे नव्हता. ती बसली, डोकं मांडीवर घेतलं आणि पेटीवाल्याला हातानंच थांबवलं. नुसत्या गळ्यावर पाळणा सुरू झाला. थंडीनं गोधड्या पांघरून बसलेल्या बाया पुढं सरकल्या. सटवीच्या कडव्याला एक म्हातारी "अगो माय" म्हणाली आणि मग सगळीकडून नाकं वाजू लागली.

अकराव्या दिसी बाळा, पाळना सुताराघरी,
नदी आली आडवी, तू होता पैलतीरी.

बाराव्या कडव्यात वारलूनं पडद्यामागून नाव दिलं, "विजय." प्रेमिलानं म्हटलं, "चैतू." वारलूला वाटलं, ऐकू गेलं नाही. त्यानं जोरात दिलं, "विजय, विजय!" पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं. प्रेमिलानं ओळ परत घेतली, गळा अख्खा मोकळा सोडून.

नाव निजवलं त्यात, चैतू माह्या, नीज आता.

मुडद्यानं एक डोळा उघडला. ओठ न हलवता म्हणाला, "चैतू कोन वं?"

प्रेमिलानं तळहातानं तो डोळा मिटवला. तेही तालात. मेलेल्या पोराचे डोळे माय स्वतः झाकते, हे बघून बायांनी हंबरडा फोडला. वन्समोअर आला. दुसरा आला. गुणवंतराव तीन पाळणे होईपर्यंत गार फळ्यांवर पडून होते आणि डास त्यांच्या नाकावर बसून नाटक बघत होते.

सकाळी ते आंघोळ न करता सेंटरवर आले.

"उघड! पाह्याचं हाय मले. काय लिहिलं हाय तिथी?"

काडी त्याच ओळीवर गेली. विजय माह्या, नीज आता. स्वच्छ विजय होता.

"पाह्य! कागदावर बरोबर हाय. बाईच चुकली. भर मंडईत माहं नाव बदलवलं! तिले आजच हिशेब देऊन घरी पाठवतो. पाळना रंजीता म्हनन."

दामिनीनं दाराकडं पाहिलं. प्रेमिला पायरीवर उभी होती, पुढच्या खेळाची पानं न्यायला आलेली. तिनं सगळं ऐकलं. ती परत चपला घालू लागली. तेवढ्यात फटफटी घेऊन गुणवंतरावांचा पुतण्या रिंकू आला. प्रचाराचं काम त्याच्याकडं होतं, म्हणजे पेट्रोल त्याच्याकडं होतं.

"काका! कमाल केली ना तुम्ही!"

"काय झालं?"

"चार गावं फिरून आलो. साऱ्या बाया विचारून राह्यल्या, चैतूभाऊची निशानी कोनती? मले समजेच ना, हा कोन नवा उभा राह्यला. मंग एक बुढी म्हने, अरे तोच ना गा, रात्री मेला तो! मायनं नाव घेतलं ना त्याचं. लाडाचं नाव हाय म्हने तुमचं."

गुणवंतरावांनी श्वास आत घेतला, पट्टा एक भोक पुढं गेला. "मंग! लहानपनापासूनचं हाय," ते म्हणाले. "आमची माय मले चैतूच म्हने."

पायरीवर प्रेमिलाचा चपलेतला पाय तसाच राहिला.

"पन काका, तुम्ही तं श्रावनात..."

"तुले काय मालूम! दामिनी, ते विजय काढ. चैतू टाक."

"फाईलले हात लावाचा नाई म्हनले होते ना, भाऊ?"

"चांगल्या कामाले चालते."

दामिनीनं विजय खोडलं आणि चैतू लिहिलं. दोन अक्षरं. लिहिताना तिनं पायरीकडं पाहिलं नाही. फाईल सेव्ह करून बंद केली. आता जग बुडालं तरी काडी तिथंच जाणार होती.

प्रेमिला राहिली. तारखा वाढत गेल्या. मंडईवाले वडशाला येऊन कंपनीच्या दारात उभे राहत आणि म्हणत, "नाटक कोनतंबी द्या, चैतूचा पाळना पाह्यजे." संक्रांतीनंतरच्या एका दुपारी प्रेमिला सेंटरवर दामिनीशी चिंचेची बोटकं खात बसली होती, तर भोंगा लावलेली जीप फाटकापाशी अडकली. वर चार पोरं, पुढं हार घातलेले गुणवंतराव.

"चैतूभाऊ आगे बढो! हम तुम्हारे साथ हैं!"

फाटक बंद. गाडी येईना. जीप हलेना. पोरं ओरडत राहिली आणि भोंगा ते नाव बाजारावरून, राईस मिलवरून, पार नदीकडं फेकत राहिला. प्रेमिला आधी हसली. हसता हसता चिंच खाली पडली. मग ती खूप वेळ भोंग्याकडं कान करून बसली.

"माह्या मायनं किती हळू म्हटलं होतं वं," ती म्हणाली.

निवडणूक झाली. गुणवंतराव सपाटून पडले. बाया मतदानाला गेल्या होत्या, रांगा लावून गेल्या होत्या. पण निशाणी कोणाला आठवेना, आणि मशीनवर वरपासून खालपर्यंत बोट फिरवलं तरी चैतू कुठं दिसेना. गुणवंतराव नावाचा कोणी होता, त्याला त्या ओळखत नव्हत्या.

निकालानंतर गुणवंतराव सेंटरवर आले तेव्हा मॉनिटरवरच्या मिरच्या वाळून कडक झाल्या होत्या. ते खुर्ची न झटकताच बसले.

"ते नाव काढ."

बरोबर आलेला डोमा मास्तर आयुष्यात पहिल्यांदा 'हो जी' म्हणाला नाही. "भाऊ, होळीपर्यंतच्या साऱ्या तारखा त्या नावावर गेल्या हायेत जी. काढलं तं लोक खुर्च्या फेकतीन."

गुणवंतरावांनी पडद्यावरच्या नावावर बोट ठेवलं. "हा चैतू होता तरी कोन?"

दामिनीला माहीत होतं. "असन कोनी, भाऊ. तुमची माय म्हने ना तुम्हाले."

त्यांनी खुर्ची पडद्याजवळ ओढली. मग खालच्या आवाजात म्हणाले, "बरं, राहू दे. मले माह्या जागी तं ने. मी कुठी मेलो होतो, तिथी."

दामिनीनं कळा दाबल्या. चैतू माह्या, नीज आता. परत दाबल्या. काडी तिथंच.

"नाई जात, भाऊ. तुमच्या मरनाले कोनी हात लावून तीन मयने झाले. पाह्याचंच असन तं हे वरच्या बानाचं बटन दाबत जा, एकेक ओळ."

गुणवंतरावांनी अंगठीचं बोट बटणावर ठेवलं आणि दाबू लागले. काडी खालून वर चढू लागली. रिता पाळणा गेला. नदी गेली. सटवीचा मोडका टाक गेला. दिवा आणि वारा आले, माय भुईवर निजली होती. अजून दहा-बारा ओळी वर ते स्वतः रक्तात पडले होते, पहिलं कडवं ओलांडलं की झालं.

लाईन गेली.

"बसा जी," अंधारलेल्या पडद्यासमोर दामिनी म्हणाली, "येईन दोन तासानं."